टीव्ही कुठल्या भिंतीला?

दत्ताराम भाटकर कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता पहिला प्रश्न विचारतात, "टीव्ही कुठल्या भिंतीला?"

बरे आहात का, मुलं काय करतात, असलं काही नाही. थेट भिंत. पुतण्यासाठी, म्हणजे प्रसादसाठी, मुलगी बघायला संगमेश्वरला गेले होते तिथेही तेच. मुलीचे वडील दारात हात जोडून उभे आणि यांनी तोंड उघडलं ते भिंतीसाठी. त्या गृहस्थांचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं, मुलाकडच्यांची मागणी सुरू झाली.

"सध्या लहानच आहे," ते चाचरत म्हणाले, "पण लग्नापर्यंत मोठा घेऊ आम्ही."

"मोठा नको ओ! भिंत सांगा, भिंत! पूर्व की पश्चिम?"

लग्न झालं म्हणा. ती मुलगी, ऋतुजा, हा किस्सा दर दिवाळीला सांगते आणि दत्ताभाऊ दर दिवाळीला विचारतात, "पण त्यात हसण्यासारखं काय आहे?"

त्यांचं खरं आहे. सुरुवातीला तरी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ते नीट सांगायला मला बरंच मागे जावं लागेल, आणि मध्येच माझा राग डोकावला तर तो तुम्ही सोसून घ्या. मी चित्रकलेची शिक्षिका होते. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांचे तिरके डोंगर सरळ केले. राग येणं हा माझा धंद्याचा आजार आहे.

मांडवीच्या रस्त्याला आमचं घर आहे. वरची खोली माझ्या वडिलांनी दत्ताभाऊंना दिली तेव्हा गावात केबल नवीन होती. गच्चीवर दोन डिश लागल्या, खोलीत टीव्ही, व्हीसीआर आणि लाल दिव्यांची खोकी आली, आणि तिथून वायरी निघून झाडाझाडांवरून साऱ्या रत्नागिरीभर पसरल्या. ती प्रत्येक वायर दत्ताभाऊंनी स्वतः ओढलेली. एक वायर तर माझ्या खोलीची भिंत भोकसून नेली. "दोन दिवसांत भोक बुजवतो, बाई," म्हणाले. ते दोन दिवस अजून संपायचे आहेत.

तर एका पावसाळ्यात दुपारी व्हीसीआर मान टाकून बसला. पिक्चर अर्ध्यावर. फोनवर फोन. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, मिरकरवाड्यातल्या सगळ्या होड्या किनाऱ्यावर आणि सगळे बाप्ये घरात. त्यांच्यासमोर काळा पडदा ठेवणं म्हणजे धोक्याचंच काम. प्रसादचा कॅसेट घालून खेळायचा व्हिडिओ गेम तिथे पडला होता. दत्ताभाऊंनी तोच जोडला आणि वेळ मारून न्यायला खेळत बसले. एक लाल चड्डीतला, पाठीवर पिशवी घेतलेला बुटका पडद्यावर पळू लागला, आणि पहिल्याच खड्ड्यात पडला.

फोन वाजला.

"अरे मेल्या, उडी मार ना! आंधळा काय तू?"

मिरकरवाड्यातला एक तांडेल होता. आयुष्यभर होडीवर हुकूम सोडलेला माणूस. घरी बसून त्याला कुणी ऐकायलाच नव्हतं. दत्ताभाऊंनी रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरला आणि म्हणाले, "तुम्ही सांगा, मी मारतो."

झालं! दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार ते साडेपाच हा ठरलेला कार्यक्रम. लोक फोनवरून सांगायचे, दत्ताभाऊ रिमोट दाबायचे आणि सगळं गाव बघायचं. बुटक्याचं नाव बाबल्या पडलं. कुणी ठेवलं कुणास ठाऊक. पेठकिल्ल्याच्या एक आजी रोज फोन करून एवढंच म्हणायच्या, "त्याला वाईच बसव रे. दमला असेल." मग दत्ताभाऊ पॉजचं बटण दाबायचे आणि दोन मिनिटं सारी रत्नागिरी उभ्या असलेल्या बाबल्याकडे बघत बसायची. एकानेही कधी तक्रार केली नाही. मीही बघितलंय. हातात वह्या तपासायच्या तशाच ठेवून.

आता भिंतीचं. तांडेल आणि खलाशी मंडळी डावं-उजवं म्हणायची नाहीत. ती म्हणायची, "मिऱ्याकडे घे! भाट्याकडे घे!" मिऱ्या गावाच्या उत्तरेला, भाट्ये दक्षिणेला. आणि तांडेलांचं ऐकून मग मास्तर, टपालवाले, वाणी सगळेच तसंच बोलू लागले. यात गोची अशी की ज्याचा टीव्ही पश्चिमेच्या भिंतीला, तो समुद्राकडे तोंड करून बसलेला. त्याचा मिऱ्या उजव्या हाताला. ज्याचा टीव्ही पूर्वेच्या भिंतीला, त्याचा मिऱ्या डाव्या हाताला. म्हणजे एक माणूस "मिऱ्याकडे उडी!" म्हणाला की बाबल्या पार व्हायचा आणि दुसरा तेच म्हणाला की मागे सरकून मरायचा. उत्तरेच्या भिंतीवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. माझा टीव्ही उत्तरेला. मी एकदा "समुद्राकडे घ्या" म्हटलं होतं आणि दत्ताभाऊंनी बरोब्बर डावीकडे घेतलं.

त्यांना कसं कळायचं? अहो, प्रत्येक घरात वायर त्यांनीच नेलेली! कुणाचा टीव्ही कपाटावर, कुणाचा देव्हाऱ्याशेजारी, सगळं डोक्यात. आणि डोक्यात मावेना तेव्हा एक जाडजूड वही केली. नाव, आळी, फोन, भिंत. फोन आला की आवाजावरून माणूस ओळखायचा, माणसावरून भिंत, भिंतीवरून बटण. हे सगळं बाबल्या खड्ड्यापर्यंत पोचायच्या आत. लोकांना याचा पत्ताच नव्हता. त्यांना वाटे, मिऱ्या म्हटलं की कळतं, त्यात काय.

लग्न त्यांनी केलं नाही. माझ्या आईने एकदा विचारलं तर म्हणाले, "काकू, दुपारी चार ते साडेपाच मी मोकळा नसतो." जणू संसार तेवढ्याच वेळात करायचा असतो.

मग घरोघरी सेट टॉप बॉक्स आले, वायरी नव्या आल्या, धंदा मोठ्या लोकांच्या हाती गेला आणि चॅनेल बंद झालं. प्रसादने पुढे स्वतःचं केबलचं ऑफिस काढलं. काकांना तिथे तक्रारी घ्यायला बसवलं. चित्र दिसत नाही म्हणून कुणाचा फोन आला की हे विचारणार, "टीव्ही कुठल्या भिंतीला?" गिऱ्हाईक वैतागून फोन ठेवी. शेवटी प्रसादने त्यांना प्रेमाने निवृत्त केलं. वरची खोली मात्र त्यांनी सोडली नाही. रोज दुपारी येत, झाडत, फोनवरची धूळ पुसत आणि जात. जुना नंबर चालूच ठेवलेला. "लोकांना पाठ आहे, बाई. बदलून कसं चालेल?"

गेल्या वर्षी मासेमारीची बंदी सुरू व्हायच्या सुमारास त्यांनी प्रसादच्या मागे लकडा लावला. चॅनेल परत सुरू करायचं. प्रसाद बापडा मऊ आहे. एक नंबर रिकामा होता, तो दिला. वर मोबाईलवरही दिसेल अशी सोय केली. पण स्पष्ट सांगितलं, माझ्या अंगणात उभं राहून सांगितलं, म्हणून मला ठाऊक: "काका, एक महिना. लोकांचे फोन आले तर चालू ठेवू. नाही आले तर तिथे साड्यांच्या सेलच्या जाहिराती लावणार."

"फोन येणार!" दत्ताभाऊ म्हणाले. "लोकं वाट बघतायत रे."

पहिल्या दिवशी नारळ फोडला. जुनी कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली आणि, तुम्हाला खोटं वाटेल, बाबल्या पळाला! ऋतुजाने घरून पहिला फोन केला. "काका, उडी!" यांनी उडी मारली, पण बाबल्या कधीच खड्ड्यात. हल्लीचं चित्र घरी पोचतं ते काही सेकंद उशिरा. इथे मेलेला बाबल्या लोकांच्या घरी अजून पळत असतो. "हरकत नाही," दत्ताभाऊ म्हणाले, "लोकं आधी सांगायला शिकतील."

दुसरा फोन एका तरुण मुलाचा. हौशी होता. वडिलांकडून ऐकलं असणार, जोरात ओरडला, "मिऱ्याकडे!"

"टीव्ही कुठल्या भिंतीला?"

"काका, मी मोबाईलवर बघतोय. रिक्षात आहे."

"रिक्षेचं तोंड कुठं?"

"मारुती मंदिराकडे... थांबा, वळली."

"मग आता मिऱ्या कुठल्या बाजूला?"

"एक मिनिट हां, विचारतो."

त्याने रिक्षावाल्याला विचारलं. रिक्षावाला परगावचा, लांज्याचा निघाला.

मी खाली बसून हे सगळं टीव्हीवर ऐकत होते आणि हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वर जाऊन दोन शब्द बोलावं असंही वाटलं. पण आमचा अबोला होता. वायरीच्या त्या भोकातून आदल्या पावसाळ्यात पाणी शिरलं आणि माझ्या कपाटामागचा चित्रांचा गठ्ठा भिजला. अठ्ठावीस वर्षांतली निवडक मुलांची चित्रं. रंग एकमेकांत गेले, कागदाचा लगदा झाला. दत्ताभाऊ धावत आले, तोंड एवढंसं झालेलं, आणि म्हणाले काय? "बाई, दोन दिवसांत बुजवतो." मी म्हटलं, "चालते व्हा." तेव्हापासून ते जिन्यावरून पाय न वाजवता जात.

रिक्षेच्या प्रकारानंतर पडद्यावर वेगळंच दिसू लागलं. बाबल्या नुसता उभा, टीव्हीचा आवाज बंद. पॉज. आणि वरून दत्ताभाऊंचा फोनवर बोलण्याचा आवाज, बारीक, सारखा. चारला सुरू, साडेपाचपर्यंत. मी म्हटलं, वा! फोनवर फोन येतायत. गप्पा हाणतायत, खेळ गेला उडत. मला जरा हेवाच वाटला, खोटं कशाला बोलू.

मच्छी मार्केटात सुलभा भेटली. बांगडे निवडून देता देता म्हणाली, "बाय, तुमच्या वरच्या भाऊंचा फोन लागतच नाय. तीन दिवस लावतंय. सारखा एंगेज." मी म्हटलं, "गर्दी असते त्यांना." शाळेतले पेडणेकर सर बँकेच्या रांगेत भेटले. तेच रडगाणं. मांडवीला नारळपाणी विकणारे साळवी, ते तर चिडलेच होते, "आम्ही काय आता मोठ्या माणसाला फोन लावायचा नाय काय?" मी हसून सोडून दिलं. सांगायचं तर वर जावं लागलं असतं. कशाला जाऊ? भिजलेली चित्रं काही परत येणार नव्हती.

महिना संपला त्या दिवशी चारच्या सुमारास प्रसाद आला आणि माझ्या पायरीवरच बसला. वर जायचं धैर्य होईना त्याला.

"बाई, उद्यापासून जाहिराती. काकांना कसं सांगू?"

"का रे? चाललंय की जोरात."

"कुठलं जोरात! पहिल्या दिवसानंतर एकही फोन नाही. काकांनीच सांगितलं. ते खोटं बोलत नाहीत."

"एकही नाही? अरे, सारखा तर एंगेज असतो म्हणतात!"

मी आत गेले आणि त्या महिन्यात पहिल्यांदा तो नंबर फिरवला. मलाही पाठ होता. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. टीव्हीवर बाबल्या खड्ड्याच्या काठाशी उभा. प्रसादला म्हटलं, तू इथेच बस. आणि जिना चढले.

दार उघडं होतं. दत्ताभाऊ पाठमोरे, रिसीव्हर खांद्यात धरलेला, समोर वही उघडी.

"कधी?... होय काय... नाय ओ, मला कुणी कळवलं नाय... त्रास झाला काय फार?... टीव्ही? राहू दे, राहू दे. भिंतीचं असं काय नाय. तुम्ही जपा."

फोन ठेवला. वहीत त्या नावापुढे भिंतीच्या रकान्यात बारीक रेघ मारली. वरपासून खालपर्यंत बघितलं मी ते पान. बहुतेक नावांपुढे रेघच. लगेच पुढचा नंबर फिरवला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं ती बाई सांगू लागली. तिचं सगळं बोलणं, मराठी, हिंदी, इंग्रजी, त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्येच ठेवणं त्यांना बरं दिसलं नसावं.

मग मी दिसले.

"या बाई! बरं झालं आलात. तुमचा उत्तरेलाच आहे ना अजून?"

"उत्तरेलाच. हे काय चाललंय?"

"भिंती नव्याने लिहून घेतोय. त्या पोराची रिक्षा वळली ना, तेव्हा म्हटलं, आपली माहितीच जुनी झाली. फोन येतील तेव्हा चुकायला नको. मोबाईलवरून केला तर लोक अनोळखी नंबर म्हणून उचलत नाहीत, म्हणून ह्याच्यावरून करतो." वही मिटली. "फोन काय आले नाहीत म्हणा. लोकं विसरली, बाई. चालायचंच."

सांगावं तर सगळा दोष त्यांच्याच पदरात पडत होता. महिनाभर ज्यांच्यासाठी भिंती लिहून घेत होते त्यांचाच रस्ता अडवून बसले होते. न सांगावं तर लोकं विसरली हे घेऊन ते जिना उतरणार. मी कधी पोरांच्या तोंडावर खोटं कौतुक केलेलं नाही. सांगून टाकलं.

"विसरलं नाही कुणी. लागत नव्हता फोन. तुमच्या कानाला लागलेला होता ना, दत्ताभाऊ!"

ते रिसीव्हरकडे बघत बसले. मला वाटलं, आता रडतात की काय.

"म्हणजे... लोकं लावत होती?"

"लावत होती. चिडलीसुद्धा."

"चिडली?" त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तिकडे बघवेना. "मग झालं तर! बंद पडू दे ओ. प्रसादला काय, साड्या तर साड्या. कोण कोण लावत होतं?"

वहीचं कोरं पान उघडलं, पेन घेतलं. मी सांगत गेले. मच्छी मार्केटातली सुलभा. पेडणेकर सर. नारळपाण्याचे साळवी. प्रत्येक नाव त्यांनी सावकाश लिहिलं.

"आणखी?"

आणखी नव्हतं कुणी. तीनच. पण पेन उचललेलं होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. आयुष्यात कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही मी. तोंडातून निघून गेलं, "आणि वरच्या आळीतले नेने काका."

पेन थांबलं.

"नेने काका जाऊन तीन वर्षं झाली, बाई. मंगळवारी त्यांच्या सुनेशीच बोललो."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. दत्ताभाऊंनी मात्र मान खाली घातली आणि लिहिलं. नेने काका, वरची आळी.

"असते तर त्यांनी केलाच असता," म्हणाले. "आणि बाई, तुम्ही?"

खाली माझ्या खोलीपासून इथपर्यंत सतरा पायऱ्या आहेत. महिनाभर मी त्या मोजायचं टाळलं होतं.

"आज केला," मी म्हटलं. "आत्ताच. पहिल्यांदा."

"पण केलात ना," ते म्हणाले, आणि नेने काकांच्या खाली माझं नाव लिहिलं.